यशोगाथा नको, कारभार विचारू या
(पाठ : नवा प्रयोग करणाऱ्या ताईची मुलाखत कशी घ्यायची?)



आपल्या पत्रिकेत दर अंकाला एक यशोगाथा असते. फोटो असतो. ताईंचं नाव, गटाचं नाव, किती कर्ज घेतलं, किती नफा होतो, आणि शेवटी 'जिद्द असेल तर काहीच अशक्य नाही' असं एक वाक्य. गेल्या दोन वर्षांत अशा बऱ्याच यशोगाथा मीच लिहिल्या. त्यातल्याच एकीमुळं हा पाठ लिहायची वेळ आली.

झालं असं. ढोकीच्या शिवारातल्या एका काकूंनी गांडूळ खताचं काम चांगलं उभं केलं होतं. मी गेले, अर्धा तास बसले, चहा घेतला, फोटो काढले. मग विचारलं, "काकू, तुमच्या यशाचं रहस्य काय?" त्या लाजल्या. म्हणाल्या, "रहस्य कसलं बाई, गटाचा आधार अन् घरच्यांची साथ." मी तेच लिहिलं. छापून आलं. सगळ्यांना आवडलं.

पुढं जवळच्याच एका गावातल्या गटात ते वाचलं गेलं. पाच जणींनी मिळून गटातून अंतर्गत कर्ज उचललं. दोन तयार बेड आणले, किलोवर गांडूळ विकत घेतले आणि मार्च महिन्यात काम सुरू केलं. मे संपायच्या आत दोन्ही बेडमधले गांडूळ मेले. शेण ताजं होतं, ते आतून तापलं. वर पत्र्याचं शेड, त्याचा ताव. गावात नळाला पाणी आठ दिवसांनी. गांडूळ गेले, पण कर्जाचे हप्ते राहिले. बैठकीत एक ताई माझ्याकडं बघून शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही लिहिलेलं वाचूनच केलं की आम्ही."

त्या दिवशी मला घरी जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी परत काकूंकडं गेले. घडलेलं सांगितलं. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अगं, पहिले गांडूळ माझे बी मेले हुते की! तू इचारलंच न्हाईस."

हा पाठ त्या एका वाक्याचा आहे. आपण विचारलंच नाही, म्हणून पाच जणींचं नुकसान झालं.

नवा प्रयोग म्हणजे नुसती कल्पना नव्हे

आपल्याला वाटतं, एखादीला काहीतरी नवीन सुचलं आणि ती पुढं गेली. सुचायला एक क्षण लागतो. पुढं ते जगवायला, वाढवायला, घरात आणि गावात मान्य करून घ्यायला, त्यातून चार पैसे सुटायला वर्षं लागतात. त्या वर्षांत ती बाई काय काय सांभाळते, त्याला आपण कारभार म्हणू. घरकारभार असतो तसाच प्रयोगाचाही कारभार असतो. पहिल्यांदा किती करायचं, कुठं करायचं, पैसा कुणाचा, बिघडलं तर कुणाच्या अंगावर, कुणाला सांगायचं, विकायचं कधी, बंद करायचं कधी.

शेजारणीला उपयोगी पडतो तो हा कारभार. नफ्याचा आकडा वाचून हुरूप येतो, पण त्यातून काम कसं करायचं ते कळत नाही.

एक मोठं उदाहरण घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे (आपल्या शेजारचं नांदेड नव्हे). तिथले दादाजी खोब्रागडे दीड एकराचे शेतकरी. 1983 साली त्यांना आपल्या 'पटेल 3' या भाताच्या रानात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर, बारीक. त्यांनी त्या लोंब्या वेगळ्या काढल्या, बी जपून ठेवलं आणि पुढच्या हंगामात रानात एका लहानशा तुकड्यात लावलं. जनावरं येऊ नयेत म्हणून काटेरी फांद्या लावल्या. दरवर्षी त्यातलं चांगलं निवडत, वाढवत नेलं. काही वर्षांनी ते बी इतरांच्या रानात गेलं, तांदूळ बाजारात गेला, आणि त्या काळी एचएमटी घड्याळं लोकांच्या आवडीची होती म्हणून त्याला 'एचएमटी' हे नाव पडलं. आज दुकानात आपण एचएमटी तांदूळ मागतो, तो हाच. पुढं कृषी विद्यापीठानं 'पीकेव्ही एचएमटी' या नावानं वाण काढलं. ज्यानं लोंब्या वेचल्या त्याचं नाव मात्र लोकांना फार उशिरा कळलं. 2005 साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानानं त्यांचा सन्मान केला. जून 2018 मध्ये ते वारले. त्या तांदळावर कितीतरी जणांनी कमावलं, पण त्यांच्या घरची ओढाताण शेवटपर्यंत सुटली नाही.

आता विचार करा. कुणी दादाजींना 'यशाचं रहस्य काय' असं विचारलं असतं, तर उत्तर आलं असतं 'मेहनत'. पण 'पहिल्या वर्षी बी किती होतं? कुठं लावलं? राखण कशी केली? चांगलं-वाईट कसं ओळखलं? पहिल्यांदा दुसऱ्याला बी दिलं तेव्हा काय ठरलं? कागदावर काही होतं का?' असं विचारलं, तर त्यांचं सगळं शहाणपण बाहेर येतं. आणि कुठं निसटलं तेही कळतं. बी सगळीकडं पोचलं, पण कागद कुठंच नव्हता. 2001 च्या कायद्यानं आता शेतकऱ्याला आपलं वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतं. त्यांनी बी वेचलं तेव्हा ही सोय नव्हती.

दुसऱ्यांदा घेतलेली मुलाखत

काकूंची दुसरी मुलाखत मी घरात बसून घेतली नाही. गोठ्यामागं, कामाच्या जागी घेतली. सकाळी त्या पाणी घालत होत्या तेव्हाच गेले. त्यांच्या परवानगीनं मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला. त्यातला थोडा भाग जसाच्या तसा देते.

मी : काकू, हा बेडमध्ये माठ कशाला पुरलाय?

(माझ्या आधीच्या फोटोतसुद्धा हा माठ होता. मला वाटलं होतं, पिण्याच्या पाण्याचा आहे.)

काकू : त्यो चिरका माठ हाय. पाणी झिरपायचं म्हणून फेकायला गोठ्याकडं ठिवला हुता, ओल्या पाचटावर. पंधरा दिसांनी उचलला तर खाली सगळं गार, अन् गांडूळच गांडूळ. उन्हाळ्यात बाकी खड्ड्यात एक दिसंना, अन् हितं गोळा झालेले.

मी : मग लगेच सगळीकडं माठ पुरले?

काकू : लगी कशाला? एका खड्ड्यात पुरला, दुसऱ्यात न्हाई. दोन्ही महिनाभर बघितले. माठाच्या खड्ड्याला पाणी निम्म्यानं कमी लागायलं. मग दुसऱ्यात पुरला.

मी : त्याच्या आधी पहिल्यांदा केलं तेव्हा काय झालं होतं?

काकू : मेले की. बहिणीकडनं पाटीभर गांडूळ आणले हुते. ताज्या शेणात टाकले. चार दिसांत खेळ खलास.

मी : घरात काय म्हणाले?

काकू : मालक म्हणले, शेणात काय खेळायलीस. पर पैका गेला नव्हता ना, म्हणून पुढं काई बोलले न्हाईत. पैका गेला असता तर परत हात लावू दिला असता व्हय?

मी : मग पुढं काय बदललं?

काकू : शेण पंधरा-वीस दिस बाहेर पसरून ठिवायचं, रोज पाणी मारायचं. हात घालून बघायचं. हाताला गरम लागंना, तवाच गांडूळ सोडायचे.

मी : गटाचं कर्ज कधी घेतलं?

काकू : दोन खड्डे सालभर चालले, मंग घेतलं. त्याच्या आधी कशावर घ्यावं?

मी : पहिल्या वर्षी किती विकलं?

काकू : एक किलो न्हाई. आमच्याच वांग्याला अन् सोयाबीनला टाकलं. शेजारणीनं वांगी बघितली, ती आली मागायला. मंग दुसरी आली. गिऱ्हाईक रानानं आणलं, मी न्हाई.

मी : काही करून बघितलं आणि सोडून दिलं, असं आहे का?

काकू : हाय की. गांडूळ पाणी बाटलीत भरून इकलं. बाटली आणा, धुवा, चिकटपट्टी लावा, एसटीनं न्या. हातात काई उरंना. दोन महिन्यांत बंद केलं.

मी : तुम्ही गावाला गेलात तर कोण बघतं?

काकू : सून. सगळं तिलाच ठावं हाय आता. दर चार पोत्याला एक पोतं तिचं. (थोडं थांबून) तू मागं लिवलंस तवा नफा लिवलास. माझी सून लिवलीच न्हाईस.

मुलाखत इथं संपली नाही, पण मला जे कळायचं ते कळलं. पहिल्या खेपेला मी 'यशस्वी महिला' शोधायला गेले होते. कारभार करणाऱ्या दोघी होत्या, त्यातली एक मला दिसलीच नाही.

या उत्तरांतून काय हाती लागलं?

पहिलं, जोखीम लहान ठेवली. पहिले गांडूळ उसने. मेले तरी घरात भांडण झालं नाही. म्हणून दुसऱ्यांदा करता आलं. मेलेल्या बेडच्या गटात पहिलीच खेप कर्जाची होती.

दुसरं, पडताळा घेतला. एका खड्ड्यात माठ, एका खड्ड्यात नाही. शास्त्रज्ञ हेच करतात. काकूंनी त्याला काही नाव दिलं नाही इतकंच.

तिसरं, जवळचं वापरलं. ढोकी म्हणजे तेरणा कारखान्याचा भाग, इथं उसाचं पाचट काही कमी नाही. बरेच जण जाळतात. काकूंनी ते शेणात मिसळलं आणि वर झाकणही त्याचंच केलं. माठ चिरका, सावली लिंबाची.

चौथं, आधी घरात वापरलं, मग विकलं. बाजार शोधायला जावं लागलं नाही.

पाचवं, जे जमत नाही ते वेळेत बंद केलं. हे कुठल्याच यशोगाथेत येत नाही.

सहावं, काम करणारीला वाटा दिला. म्हणून काकू लग्नाकार्याला चार दिवस गेल्या तरी बेड सुकत नाही.

या सहापैकी एकही गोष्ट माझ्या पहिल्या लेखात नव्हती. गटाचं नाव आणि नफा मात्र बरोबर होता.

आपल्याच जिल्ह्यातला मोठा प्रयोग

असाच कारभार मोठ्या पातळीवर कसा होतो, हे आपल्या जिल्ह्यात बघायला मिळतं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर आणि आपल्या जिल्ह्यात गावोगावी बायका घरबांधणीच्या कामात उतरल्या. त्या कामातून प्रेमा गोपालन यांची 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था आपल्या भागात रुजली. पुढं दुष्काळ वाढत गेला, रानं नगदी पिकांनी भरली आणि घरात खायला भाजी-डाळ विकत आणायची वेळ आली. तेव्हा या बायकांनी 'एक एकर शेती'चा मार्ग धरला. तुळजापूर तालुक्यातल्या गंधोऱ्याच्या गोदावरी डांगे यांचं नाव यात सगळ्यांना माहीत आहे. या कामाची दखल देशाबाहेरही घेतली गेली. 2017 साली संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

आता पुरस्कार बाजूला ठेवून कारभार बघा. बायकांनी नवऱ्याकडं सगळं रान मागितलं नाही. अर्धा एकर, एक एकर, एवढाच तुकडा मागितला. 'बाकीच्या रानात सोयाबीन लावा, ऊस लावा, आम्ही अडवत नाही. एवढ्यात काय लावायचं ते आम्ही ठरवणार.' मागणी लहान होती म्हणून होकार मिळाला. त्या तुकड्यात एकच पीक नाही, तर भाज्या, कडधान्य, ज्वारी-बाजरी अशी बरीच पिकं. पाऊस दगा देईल तेव्हा एखादं जाईल, सगळी जाणार नाहीत. खत घरचं, बी घरचं, म्हणून खर्च हातातून जात नाही. पहिला माल घराच्या ताटात, उरला तर बाजारात. भाव पडला तरी पोट उपाशी नाही.

म्हणजे काकूंनी गोठ्यामागं जे केलं तेच इथं रानात झालं. लहान सुरुवात, जवळचं साहित्य, आधी घर मग बाजार. एक एकर शेतीची माहिती वाचून कुणी एकदम चार एकर मोडून भाजी लावली, तर तिनं नाव वाचलं, कारभार वाचला नाही.

'नाही' म्हणणाऱ्यांबद्दल जरूर विचारा

प्रत्येक नव्या कामाला कुणीतरी 'नाही' म्हणतंच. सासू, नवरा, ग्रामपंचायत, बँकेचा साहेब. त्या 'नाही'चं पुढं काय केलं, हा प्रश्न राहून जातो.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला 1997 साली बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं फेटाळला होता, कारण अर्ज करणाऱ्या बऱ्याच जणी अंगठा लावणाऱ्या होत्या. बायका घरी बसल्या नाहीत. आधी लिहायला-वाचायला शिकल्या. मग परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनाही यंत्र न घेता करायला सांगा. परवाना मिळाला. पुढं बायकांना मजुरी बुडवून बँकेत येणं जमेना, तर बँक त्यांच्या दारात जाऊन पैसे गोळा करू लागली.

पहिला अर्ज नाकारला गेला नसता तर ती अक्षरओळख तेव्हाच झाली असती का? म्हणून मुलाखतीत नकाराची गोष्ट झाकू नका. ताईसुद्धा सहसा स्वतःहून सांगत नाही, तिला कमीपणा वाटतो. आपणच हळूच विचारायचं.

विचारायचे प्रश्न

हे प्रश्न वहीत उतरवून घ्या. सगळे एकदम विचारायचे नाहीत. बोलणं जाईल तसे घ्यायचे.

1. सुरुवात : हे पहिल्यांदा डोक्यात आलं तेव्हा कुठं होतात, काय करत होतात? कशाचा त्रास होत होता?
2. पहिली खेप : पहिल्यांदा किती केलं? कुठल्या महिन्यात? जागा कुणाची?
3. पडताळा : बरोबर चाललंय हे कशावरून ओळखलं? कशाशी ताडून बघितलं?
4. पैसा : पहिला रुपया कुणाचा? कर्ज कितव्या खेपेला? कर्जाआधी हातात काय होतं?
5. नुकसान : काय बिघडलं? किती गेलं? ते कुणाच्या अंगावर पडलं? त्यानंतर काय बदललं?
6. नकार : कोण नाही म्हणालं? मग काय केलं?
7. माणसं : रोजचं काम कोण करतं? तुम्ही नसाल तर? त्यांना काय मिळतं?
8. बाजार : पहिलं गिऱ्हाईक कोण? ते कसं आलं? पैसे रोख की उधार?
9. सोडून दिलेलं : काय करून बघितलं आणि बंद केलं? कधी कळलं की बंद करावं?
10. मालकी : हे दुसऱ्या कुणाला शिकवलंत का? काय ठरवून? कुठं लिहून ठेवलंय का?

आणि शेवटचा, सगळ्यात कामाचा : "हे माझ्या गटानं करायचं म्हटलं तर तुम्ही कोणत्या बाईला 'करू नको' म्हणाल?" या प्रश्नानं ताई विचारात पडतात. काकू म्हणाल्या होत्या, "जिच्या घरी जनावर न्हाई, तिनं इकत शेण आणून करू नये." त्या पाच जणींपैकी तिघींच्या घरी जनावर नव्हतं.

मुलाखत घेताना

*कामाच्या वेळी, कामाच्या जागी जा.* घरात बसलं की चहा होतो, सत्कार होतो. कामाच्या जागी माठ दिसतो. जे दिसतं आणि कळत नाही, त्याबद्दल आधी विचारा.

*'का' पेक्षा 'कधी' आणि 'किती' विचारा.* 'का केलं' विचारलं की भाषण येतं. 'कधी केलं, किती केलं' विचारलं की आठवण येते.

*वही बघायला मागा.* गटाचं पासबुक, हिशेबाची वही, भिंतीवरचं कॅलेंडर. बऱ्याच ताई कॅलेंडरवर खुणा करतात. आकडा आठवत नसेल तर जोर करू नका, अंदाजानं लिहू नका. 'आठवत नाही' असंच लिहा.

*गप्प बसायला शिका.* उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न नको. थोडं थांबा. सूनबाईची गोष्ट माझ्या प्रश्नानं नाही, मी थांबले म्हणून आली.

*दुसऱ्यांशीही बोला.* सून, नवरा, शेजारीण, गिऱ्हाईक. ताईंच्या माघारी उलटतपासणी म्हणून नव्हे. त्यांना सांगूनच बोला.

*सगळंच विचारायचा आपल्याला हक्क नाही.* मसाल्याचं प्रमाण, पापडाची भट्टी, गिऱ्हाइकांची यादी, हे तिचं पोट आहे. 'हे छापायचं नाही' असं ती म्हणाली तर तिथंच पेन थांबवा. खोब्रागडे यांचं बी आठवा.

*लिहिलेलं वाचून दाखवा.* छापायच्या आधी. देशभर गावोगावी पायी फिरून असे प्रयोग गोळा करणारी 'हनी बी' नावाची एक चळवळ आहे, प्राध्यापक अनिल गुप्ता यांनी उभी केलेली. हनी बी म्हणजे मधमाशी. मधमाशी मध नेते, पण फुलाचं काही कमी करत नाही, उलट फुलाफुलांची गाठ घालून देते. त्यांचा नियम साधा आहे. ज्याच्याकडून शिकलो त्याचं नाव द्यायचं आणि शिकलेलं त्याच्याच भाषेत त्याच्याकडं परत न्यायचं. आपणही हाच नियम पाळू. मात्र ताईंना नाव नको असेल तर द्यायचं नाही. या पाठात काकूंचं नाव नाही, ते त्यांच्याच सांगण्यावरून. त्या म्हणाल्या, "ह्या बारीला नाव नको. मेलेल्या गांडळाची गोष्ट हाय."

पुढच्या बैठकीत करायचं काम

प्रत्येक गटानं आपल्या गावातली एक ताई निवडायची, जिनं काहीतरी नवं केलंय. मोठंच असलं पाहिजे असं नाही. शेळ्यांची गव्हाण वेगळी बांधली, ज्वारीच्या पिठात काही मिसळून भाकरीचं पीठ विकलं, गटाचे हप्ते गोळा करायची वेळ बदलली, हेही नवंच. दोघींनी जायचं. एकीनं बोलायचं, एकीनं लिहायचं. वरच्या दहापैकी निदान नुकसान, माणसं आणि सोडून दिलेलं या तिन्हींची उत्तरं आणायचीच. ग्रामसंघाच्या बैठकीत ती वाचायची. ऐकणाऱ्यांनी एकच गोष्ट सांगायची : यातलं आपल्याला काय जमेल आणि काय जमणार नाही.

सीआरपी ताई आणि कृषी सखींना विनंती, की नव्या व्यवसायासाठी कर्जाचा अर्ज आला तर अशी एक मुलाखत झाली आहे का ते विचारा. यशोगाथेचं कात्रण जोडलेलं असेल तर तेवढ्यावर भागवू नका. माझं लिहिलेलं असलं तरी.

त्या पाच जणींचं काय झालं?

हे न सांगता पाठ संपवणं बरं नाही. त्यांच्या गटानं बैठकीत ठराव करून हप्ते लहान केले, मुदत वाढवून दिली. काकूंना मी सांगितल्यावर त्या एक दिवस सूनबाईंना घेऊन त्या गावात गेल्या. शेडवरचा पत्रा बघून म्हणाल्या, "ह्याच्यात माणूस बी भाजंल." एक बेड लिंबाखाली हलवायला लावला, पाचट टाकायला लावलं, माठ कुठं पुरायचा ते सूनबाईंनी दाखवलं. जाताना पाटीभर गांडूळ देऊन आल्या. अट एकच, वाढले की पाटीभर परत करायचे, म्हणजे ते पुढच्या बाईला देता येतील.

पाचपैकी ज्या दोघींच्या घरी जनावर आहे त्यांनी पावसाळ्यात परत सुरुवात केली. एकाच बेडवर. बाकीच्या तिघींनी हात जोडले, आणि मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. त्यांचा कर्जाचा वाटा अजून फिटायचा आहे. गटानं तो विषय प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्तात ठेवलाय, म्हणजे कुणी विसरणार नाही, मीही नाही.

दुसऱ्या बेडचं काय करायचं, हे त्या दोघींनी अजून ठरवलेलं नाही. पहिला सालभर चालू दे, मग बघू, म्हणतात.

तुमच्या मुलाखती पुढच्या महिन्याच्या प्रभागसंघ बैठकीपर्यंत कार्यालयात द्या. अक्षर कसंही असू द्या. नफ्याचा आकडा नसला तरी चालेल.

— तुमची क्षेत्र समन्वयक, ढोकी